घरचं माणूस महागड्या ‘समृद्धी’ शिबिरांत गुंतलं असेल तर काय करावं : इंदूरमधल्या मराठी कुटुंबांसाठी

सुरुवात ध्यान, कृतज्ञता आणि ‘मनाची शक्ती’ यांनी होते आणि थोड्याच दिवसांत दर महिन्याला पुढच्या ‘लेव्हल’चे पैसे भरावे लागतात. तुमची बहीण, नवरा, आई किंवा मुलगा अशा एखाद्या गटात गेला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. माझी थोरली बहीण अशाच एका गटात होती. सुदामा नगरातलं तिचं घर, तिची एफडी, तिच्या बांगड्या, भाऊजींशी असलेलं तिचं नातं, सगळ्यालाच त्याची झळ बसली. आता ती बाहेर आहे. त्या काळात बँकेत काय विचारायचं, तक्रार कुठे करायची, ताईशी कोणत्या शब्दांत बोलायचं, हे एका जागी सांगणारं कुणी मिळालं नाही. म्हणून मला कळलेलं सगळं इथे क्रमाने मांडते आहे. गटाचं नाव लिहीत नाही. असे गट पुष्कळ आहेत आणि त्यांची रीत जवळपास सारखीच असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुमच्यासमोर दोन वेगळी कामं आहेत. घरचा पैसा सांभाळणं हे या आठवड्याचं काम आहे. माणसाला परत आणणं हे महिन्यांचं काम आहे, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या कामात ठाम राहावं लागतं, दुसऱ्यात मऊ. दोन्ही एकाच भांडणात मिसळली की दोन्ही बिघडतात.

१. आधी गट नीट ओळखा

प्रत्येक सत्संग फसवा नसतो, हे मनात पक्कं असू द्या. आपल्या घरांत गुरुवारी दत्ताच्या देवळात जाणं असतं, पारायण असतं, कुणी आषाढीला पंढरपूरला जातं. तिथे दक्षिणा ऐपतीप्रमाणे दिली जाते आणि कमी दिली म्हणून कुणी मागच्या रांगेत बसवत नाही. सरसकट ‘हे सगळं थोतांड’ म्हटलंत, तर समोरचं माणूस तुमचं पुढचं एक अक्षर ऐकणार नाही.

मग फरक कुठे दिसतो? पैशाच्या पायऱ्यांमध्ये. पहिली पायरी ९९ किंवा १९९ रुपयांच्या ऑनलाइन कार्यशाळेची असते. झूमवर दोन-तीन तास बोलणं होतं आणि शेवटी ‘सवलत फक्त आज रात्री बारापर्यंत’. पुढची पायरी म्हणजे विजय नगर किंवा बायपासच्या एखाद्या हॉटेलात दोन-तीन दिवसांचं शिबिर. फी हजारांत. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजात संगीत, नाच, डोळे मिटून बालपणीची दुःखं आठवणं, रडणं, अनोळखी माणसांच्या मिठ्या. झोप अपुरी. शेवटच्या संध्याकाळी, मन अगदी हळवं झालेलं असताना, ‘ॲडव्हान्स’ची नोंदणी सुरू होते आणि कार्डाचं मशीन हॉलच्या मागच्या टेबलावर तयार असतं. त्यापुढे ‘मेंटॉरशिप’, परदेशातली ‘रिट्रीट’ आणि ‘कोच’ होण्याचं प्रमाणपत्र. हे आकडे लाखांत जातात.

दोन वाक्यं ऐकू आली की सावध व्हा. पहिलं : ‘पैसा ही एनर्जी आहे, सोडशील तेवढा परत येईल.’ दुसरं : ‘रिझल्ट येत नाही, म्हणजे तुझ्याच मनात ब्लॉकेज आहे.’ मला दुसरं जास्त घातक वाटतं. पैसा आला तर श्रेय पद्धतीचं, नाही आला तर दोष तुमचा, आणि तो दोष काढायला पुढचा कोर्स. अशा मांडणीत पद्धत चुकीची ठरायला जागाच उरत नाही.

आता थोडा शांतपणे तपास करा. पावती कुणाच्या नावाची आहे? कंपनीच्या, न्यासाच्या की एखाद्या माणसाच्या खासगी खात्याच्या? पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. कंपनीची नोंदणी कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडते. फी परत करण्याची अट कुठे लिहिली आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं : नवीन माणसं आणल्यावर कमिशन किंवा पुढच्या कोर्समध्ये सूट मिळते का? मिळत असेल तर तो भाग वेगळा लिहून ठेवा, पुढे तक्रारीत लागेल.

२. ती तिथे का टिकून आहे, ते समजून घ्या

या टप्प्यावर बहुतेक कुटुंबं थांबत नाहीत. थांबायला हवं.

माझ्या ताईची दोन्ही मुलं बाहेरगावी. भाऊजी दुकानात. पन्नाशीनंतर तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, ‘तुला स्वतःला काय हवंय?’ रोज पहाटे पाचला ग्रुपवर तिचं नाव घेऊन कुणी ‘शुभ सकाळ’ म्हणायचं, तिने लिहिलेल्या चार ओळींवर टाळ्या पडायच्या. आमच्यापैकी कुणी तिला असं रोज विचारत नव्हतं. फी गटाने घेतली, पण गरज खरी होती. ती भागवायची दुसरी वाट दिसत नाही, तोवर माणूस तिथून उठत नाही.

‘सरांनी माझ्या मनातलं अचूक ओळखलं,’ हेही तुम्हाला ऐकायला मिळेल. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि ‘हे तुझं वर्णन’ म्हणून प्रत्येकाला एक कागद दिला. सगळ्यांच्या हातात मजकूर एकच होता, राशिभविष्याच्या पुस्तकातून जुळवलेला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘बाहेरून तुम्ही खंबीर दिसता, पण आतून तुम्हाला काळजी वाटते’ हे वाक्य कुणालाही लागू पडतं.

एवढे पैसे गेल्यावर डोळे उघडतील, असं नातेवाईक म्हणतात. बहुतेकदा उलट होतं. एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये एका प्रयोगात दाखवलं, की गटात शिरताना ज्यांना जास्त त्रास सोसावा लागला, त्यांनाच तो गट, मुळात कंटाळवाणा असूनही, जास्त आवडला. मोजलेली किंमत वाया गेली हे मान्य करण्यापेक्षा वस्तू चांगली होती असं मानणं मनाला सोपं जातं. म्हणून ‘किती पैसे घातलेस!’ हे वाक्य तिला बाहेर काढत नाही, आणखी आत ढकलतं.

व्हिजन बोर्डवर, म्हणजे स्वप्नांच्या चित्रांच्या फलकावर, बंगला चिकटवून रोज तो आपला झाल्याची कल्पना करायची, या सवयीवरही अभ्यास झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या प्रयोगांत दिसलं, की नुसती गोड कल्पना रंगवल्यावर माणसाची उमेद वाढण्याऐवजी उतरते, कारण मनाला ते काम अर्धं झाल्यासारखं वाटतं. हे मी ताईला तेव्हा ऐकवलं नाही. ती बाहेर आल्यावर तिनेच शोधून वाचलं. या गोष्टी तुमच्या समजुतीसाठी आहेत, जेवताना तोंडावर मारण्यासाठी नाहीत.

३. बोलायचं कसं

गटाने तुमच्याबद्दल तिला आधीच सांगून ठेवलेलं असतं : ‘घरचे विरोध करतील, ते लो व्हायब्रेशनवर आहेत, त्यांच्यापासून अंतर ठेव.’ तुम्ही ओरडलात की भाकीत खरं ठरतं. तुम्ही ओरडला नाहीत, तर पहिल्यांदाच ते खोटं पडतं.

टाळायची वाक्यं : ‘तुझं डोकं फिरलंय’, ‘तो बाबा लुटतोय तुला’, ‘आमच्यात राहायचं तर ते सोड’. तिसरं तर कधीच नको. निवड करायला लावलीत, तर त्या वेळी ती गटाची निवड करेल आणि मग परतीची वाट तिलाच अवघड होईल. पुण्या-मुंबईच्या काका-मामांना बोलावून दिवाणखान्यात बैठक भरवणंही टाळा. सगळ्यांसमोर माणूस स्वतःचा बचाव करतो, विचार करत नाही.

त्याऐवजी एकट्याने, चालता चालता, चहाच्या वेळी प्रश्न विचारा. खरे प्रश्न, उत्तर ऐकायची तयारी ठेवून.

‘ताई, मागच्या शिबिरानंतर तुला काय काय बदललेलं वाटतं?’
‘तुझ्या बॅचमधल्या बाकीच्यांचं काय झालं गं? किती जण अजून येतात?’
‘पुढची लेव्हल नाही केली तर ते काय म्हणतात?’
‘किती दिवसांत फरक दिसायला हवा, असं तू स्वतः ठरवलं आहेस?’

शेवटचा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांत कामाचा ठरला. तिने स्वतः म्हटलं, ‘दिवाळीपर्यंत.’ मी ते धरून ठेवलं, पण दिवाळीला तोंडावर फेकलं नाही. तिला आठवत होतंच.

वडीलधाऱ्यांशी बोलायचं असेल तर आणखी जपून. सासऱ्यांना किंवा आईला मुलाने हिशेब विचारला की मान दुखावतो. ‘आई, मला समजून घ्यायचं आहे, तुम्ही मला एकदा सगळं दाखवाल का?’ असं विचारा आणि खरंच बसून बघा.

आणि गटाबाहेरचे धागे जिवंत ठेवा. इंदूरच्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकाचं जास्तीचं तिकीट, गणेशोत्सवातली रांगोळी, रविवारी सकाळी पोह्यांना सगळ्यांनी जमणं. त्या तासाभरात गटाचा विषय काढू नका. तो तास तुमच्याबरोबर चांगला जातो, एवढंच तिला जाणवू द्या.

४. पैशाला कुंपण, याच आठवड्यात

इथे मऊपणा नको. तिच्या स्वतःच्या कमाईवर आणि स्त्रीधनावर तिचा हक्क आहे, तो हिसकावू नका. कायद्यानेही तो तुमचा नाही. कुंपण घालायचं ते सामायिक पैशाला.

संयुक्त खातं कोणत्या पद्धतीने चालतं, ते बँकेत विचारा. ‘दोघांपैकी कुणीही’ असं असेल तर मोठी रक्कम एकाच्या सहीने जाते. ते ‘दोघांच्या सहीने’ करून घेता येतं, पण त्यासाठी दोघांची संमती लागते. ती मिळत नसेल, तर तुमचा पगार आणि घरखर्च यापुढे तुमच्या एकट्याच्या खात्यात घ्या आणि हे तिला सांगून करा. लपवून केलेली गोष्ट गटाच्या हातात कोलीत देते.

यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ची, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची, यादी असते. कार्डावर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची सूचना किमान २४ तास आधी येते. हे संदेश वाचायची सवय ठेवा आणि नको ती परवानगी तिच्याच हाताने, तिच्याबरोबर बसून रद्द करा.

‘सोप्या हप्त्यांत भरा’ म्हणजे पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेचं वैयक्तिक कर्ज असतं. कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही. तिच्या नावावर कोणती कर्जं आहेत ते पाहायला क्रेडिट रिपोर्ट मागवा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तो तिच्या संमतीनेच काढावा लागतो.

जामीनदार म्हणून सही करू नका, कितीही रडारड झाली तरी. भारतीय करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि बँक सरळ तुमच्याकडे येऊ शकते. सोन्यावर कर्ज घेतलं असेल तर पावती शोधा, मुदत बघा. हप्ते थकले की लिलावाची नोटीस येते, आणि आजीच्या पाटल्या एकदा गेल्या की त्या सराफ्यात पुन्हा मिळत नाहीत. एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज काढलं आहे का, तेही शाखेत विचारून घ्या.

एक सापळा अगदी जवळच्यांचा असतो : ‘एवढं शेवटचं दे, मग मी काही मागणार नाही.’ देऊ नका. जेवण, औषध, मुलांची फी, गावाला जायचं भाडं, यांना कधी नाही म्हणू नका. कोर्सला नेहमी नाही म्हणा. हा फरक तिला स्वच्छ दिसू द्या.

५. हे कागद एका फाइलमध्ये

- भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती आणि बँकेचा उतारा, तारखेप्रमाणे लावलेला
- कोर्सची जाहिरात, माहितीपत्रक, ‘पैसे दुप्पट होतील’ किंवा ‘आजार बरा होईल’ असं सांगणारे व्हिडिओ आणि संदेश
- नोंदणीचा अर्ज, अटी, सही केलेला प्रत्येक कागद
- कर्जाचा करार आणि हप्त्यांचं वेळापत्रक
- माणसं आणल्याबद्दल कमिशन मिळालं असेल तर त्याचा पुरावा
- आयोजकांचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, खातेक्रमांक

व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका, फोन विकू नका. स्क्रीनशॉट चालतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. रोख दिली असेल तर कधी, कुठे, कुणाच्या हातात, ते आठवतंय तोवर लिहून ठेवा. २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, म्हणून मोठी रोख घेऊन पावती न देणाऱ्याची बाजू तिथेच कमकुवत असते.

६. पैसे परत मागायचे असतील तर

ज्याने पैसे भरले त्याची तयारी असेल तरच ही पायरी घ्या. सज्ञान माणसाच्या वतीने, त्याच्या इच्छेविरुद्ध, तुम्ही तक्रार चालवू शकत नाही. ती तयार नसेल तर फाइल जपून ठेवा, पण मुदतीवर नजर असू द्या : ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जावं लागतं.

आधी आयोजकांना ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने लेखी मागणी करा. रक्कम, तारीख, काय सांगितलं होतं, काय मिळालं नाही, किती दिवसांत परत हवं. फोनवर बोलू नका. ते फोनवर पुढचा कोर्स विकतात. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. संस्था पुण्याची, मुंबईची किंवा बेंगळुरूची असली तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे इंदूरमध्येच, तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

इंदूरच्या कार्यालयांत अर्ज हिंदीत लिहा. मराठी संदेशांचं हिंदी भाषांतर सोबत जोडा. कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई असते. तिथे पैसे परत मिळत नाहीत, पण अर्जावर नोंद होते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. स्त्रियांना ही मदत उत्पन्न न बघता मोफत मिळते.

एक गैरसमज आपल्या लोकांत फार आहे. महाराष्ट्रातला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मध्य प्रदेशात लागू नाही. त्याच्या भरवशावर पोलिसांत जाऊ नका. इथे कामाला येणारे कायदे वेगळे आहेत. माणसं जोडून पैसा फिरवण्याची योजना असेल तर १९७८ चा मनी सर्क्युलेशन बंदी कायदा. मधुमेह, कर्करोग असे आजार चमत्काराने बरे करण्याची जाहिरात असेल तर १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा. ऑनलाइन पैसे उकळून आयोजक गायब झाला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

१९७८ च्या कायद्यात अशा योजनेत दुसऱ्यांना सामील करून घेणाराही येतो. तुमच्या माणसाने शेजारणींना, किटीतल्या मैत्रिणींना आणलं असेल, तर तक्रारीआधी वकिलाला हे स्पष्ट सांगा.

७. या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका

रक्तदाबाची, साखरेची किंवा मनाच्या आजाराची औषधं बंद केली. कित्येक रात्री झोप नाही आणि बोलण्याचा वेग वाढलेला. घर विकायचं ठरवलं. ‘सगळं संपवून टाकावं’ असं बोलणं. किंवा अतोनात उन्हात, उपाशी, वाफेत बसवणारं शिबिर. अमेरिकेत ॲरिझोनात २००९ मध्ये जेम्स आर्थर रे या समृद्धी-गुरूच्या शिबिरात लोकांनी सुमारे १० हजार डॉलर भरले होते. तापवलेल्या तंबूत बसवल्याने तिघांचा जीव गेला आणि २०११ मध्ये तो दोषी ठरला. त्या तंबूत शिकलेली, कमावती माणसं होती.

अशा वेळी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मोफत आहे. इंदूरमध्ये बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. जिवाला धोका वाटला तर ११२. ‘धरून नेऊन दाखल करू’ असं मात्र कुणाला करू देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने नुसत्या श्रद्धेवरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, आणि तशी धमकी दिली की विश्वास कायमचा जातो. त्याऐवजी घरच्या डॉक्टरांकडे ‘झोपेसाठी’ म्हणून एकदा घेऊन जा.

८. परत येताना

बाहेर पडणं एका दिवसात होत नाही. आधी एक झूम चुकतं, मग एक शिबिर, मग फोन सायलेंटवर जातो. या काळात कौतुकही करू नका आणि ‘आम्ही म्हणत होतो’ हेही म्हणू नका. पहिले काही आठवडे हिशेब काढू नका. तिच्या मैत्रिणी, तिचा दिवस, तिची आशा, सगळं त्या गटात होतं. ते गेल्याचं दुःख तिला होणारच. ताई रात्री रडायची तेव्हा भाऊजी नुसते शेजारी बसायचे. त्यांनी पैशाचा विषय तिने काढेपर्यंत काढला नाही, आणि मला वाटतं आमच्या सगळ्या धडपडीपेक्षा तिला त्याचाच जास्त आधार झाला.

गटातून फोन येत राहतील : ‘तुझ्यासाठी खास सीट ठेवली आहे, अर्ध्या फीमध्ये.’ नंबर तिने स्वतः ब्लॉक करावेत, तुम्ही नाही. तिने आणलेल्या मैत्रिणींना काय सांगायचं, हा प्रश्न तिला खात असेल. घाई करू नका. ती तयार झाली की दोघींनी बसून एक छोटा, साधा संदेश लिहा : मी आता यात नाही, तुला बोलायचं असेल तर मला फोन कर.

कर्ज उरलं असेल तर वित्तसंस्थेकडे हप्त्यांची संख्या वाढवून मुदत मागा, लेखी. आणि महिन्याभराने पुन्हा एकदा ऑटोपेची यादी, कार्डाचं बिल आणि क्रेडिट रिपोर्ट बघा. रद्द केलेल्या परवानग्यांपैकी एखादी दुसऱ्या नावाने चालू राहिलेली सापडते.